ग्लासनेव्हिनला घर बघण्याआधी

ग्लासनेव्हिन, डब्लिन
नोव्हेंबर

प्रिय अभय,

तुझं पत्र पोचलं. नोकरी पक्की झाली, मनापासून अभिनंदन. भाड्यासाठी दोन घरं निवडून ठेवली आहेस: एक आयोना रोडच्या बाजूचं लाल विटांचं, दुसरं ग्रिफिथ अ‍ॅव्हेन्यूकडचं जोडघर. आणि विचारतोस की वस्ती कशी आहे. वस्तीची काळजी सोड. ओ'कॉनेल ब्रिजपासून उत्तरेला जेमतेम तीन किलोमीटर, तरी रात्री नऊनंतर गल्लीत चिटपाखरू नसतं. खालून टोल्का नदी जाते, दक्षिणेच्या कडेने रॉयल कॅनॉल, मध्ये बोटॅनिक गार्डन आणि दफनभूमी. इथे माणसं फसतात ती घराच्या निवडीत, म्हणून आधी घराबद्दल लिहितो.

आयोना रोडकडची घरं शंभर-सव्वाशे वर्षांची आहेत. फोटोत देखणी दिसतात: रंगीत काचेचं दार, उंच छत, ओतीव लोखंडाची शेकोटी. पण त्यांच्या भिंती भरीव विटांच्या असतात, मध्ये पोकळी नसते, त्यामुळे बाहेरची थंडी थेट आतल्या गिलाव्यापर्यंत येते. पूर्वी शेकोटीच्या धुराड्यातून हवा खेळायची आणि भिंत वाळायची. आता धुराडी बुजवलेली, खिडक्या घट्ट, वर आपण घरात भात शिजवणार आणि कपडे वाळत घालणार. ती वाफ जाऊन बसते सगळ्यात थंड कोपऱ्यात, म्हणजे कपाटामागे आणि खिडकीच्या चौकटीला. तिथे काळे ठिपके धरतात. घर बघायला जाशील तेव्हा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचं दार उघड आणि सरळ आत डोकं घालून वास घे. एजंट हसला तर हसू दे. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर का दिला ते विचार.

ओल कुठली आहे हेही ओळखता यायला हवं. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत पट्टा असेल आणि त्यावर पांढरी, मिठासारखी फुगी आली असेल, तर ओल खालून चढते आहे. तो मालकाचा प्रश्न, भाडेकरूच्या हातात काही नाही. असं घर सोडून दे. कोपऱ्यात वरच्या बाजूला काळे ठिपके असतील तर ती वाफेची ओल. ती आटोक्यात ठेवता येते: कपाट भिंतीपासून पाचेक सेंटीमीटर पुढे ओढायचं, आंघोळीनंतर दार लावून खिडकी उघडायची, आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवायची. कपडे घरातच वाळवायचे असतील तर एका खोलीत दार बंद करून आणि शेजारी डीह्युमिडिफायर लावून वाळव. भिंतीत जाळीदार भोकं दिसतील. थंडी येते म्हणून लोक ती कापडाने बुजवतात आणि महिन्याभरात बुरशीची तक्रार करतात. ती बुजवू नकोस.

जाहिरातीत बीईआर म्हणून अक्षर असतं, ए१ पासून जी पर्यंत: घराला ऊर्जा किती लागते त्याची श्रेणी, ए१ सगळ्यात चांगली. बहुतेक घरांना ते देणं कायद्याने बंधनकारक आहे. जुनं, न सुधारलेलं लाल विटांचं घर बहुधा ई, एफ किंवा जी निघतं. माझ्या मते तुमच्यासारख्या लहान मूल असलेल्या कुटुंबाने सी च्या खाली जाऊच नये, मग दार कितीही सुंदर असो. घर 'प्रोटेक्टेड स्ट्रक्चर', म्हणजे वारसा म्हणून जपलेली इमारत, असेल तर मालकाला नुसत्या खिडक्या बदलायच्या म्हटल्या तरी परवानगी लागते, म्हणजे 'पुढच्या वर्षी दुहेरी काचा बसवू' या आश्वासनावर विसंबून राहू नकोस. तुझं दुसरं घर नंतरच्या काळातलं आहे, दिसायला साधं. त्याचं बीईआर बरं असेल तर मी तेच घेईन.

आता गरम पाणी. भारतातून आलेला प्रत्येक जण इथे अडखळतो. जिन्याजवळ एक कपाट असतं, त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात. आत तांब्याची टाकी, आणि बाहेर दोन खटक्यांचा स्विच: एक चालू-बंद, दुसऱ्यावर 'सिंक' आणि 'बाथ'. हा इमर्शन, म्हणजे टाकीतला विजेचा हीटर. 'सिंक'वर टाकीचा फक्त वरचा भाग तापतो, भांडी घासण्यापुरता. 'बाथ'वर अख्खी टाकी तापते. कॉइल साधारण तीन किलोवॉटची, म्हणजे तासाला तीन युनिटं. इथल्या दराने तो जवळपास एक युरो झाला. हिवाळ्यात गॅसचा बॉयलर रेडिएटरबरोबर ही टाकीही तापवतो, तेव्हा इमर्शनला हातही लावायचा नाही. आणि न्हाणीघरात भिंतीवर पांढरा डबा आणि छतातून लोंबणारी दोरी असेल, तर तो इलेक्ट्रिक शॉवर. तो थंड पाणी घेऊन स्वतःच तापवतो, त्याला टाकीशी देणंघेणं नसतं. नवखे लोक आंघोळीसाठी इमर्शन लावून ठेवतात आणि वर शॉवर चालवतात, मग बिल बघून हबकतात. शॉवर चालत नसेल तर आधी दोरी ओढली आहे का बघ.

पिण्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या थंड नळाचंच घ्यायचं. जुन्या घरात न्हाणीघरातला नळ बहुतेक वेळा माळ्यावरच्या टाकीवर असतो.

रेडिएटर खालून गरम आणि वरून गार लागला तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद कर, रेडिएटर गार होऊ दे, वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी तोंडाला छोटी पितळी किल्ली लाव, खाली फडकं धर आणि पाव वेढा फिरव. सूं आवाज येऊन हवा जाईल. पाणी दिसलं की लगेच बंद कर. नंतर बॉयलरवरचा काटा एक ते दीड बारच्या मध्ये आहे ना ते बघ. कमी असेल तर मालकाला कळव. बॉयलरची वार्षिक तपासणी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही कामं त्याची.

वहिनींसाठी खास: शेगडीवरच्या चिमणीची हवा बाहेर जाते का, ते घर बघतानाच तपासा. पुष्कळ घरांत ती कोळशाच्या फिल्टरमधून फिरून पुन्हा स्वयंपाकघरातच येते. वरचं कपाट उघडून बघायचं, बाहेर जाणारा जाड पाइप दिसला तर ठीक. नसला तर मोहरीची फोडणी पडायचा अवकाश, जिन्यातला धुराचा अलार्म बोंब मारायला लागतो. अलार्म काढून ठेवायचा नाही. स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघडायची, तेवढं पुरतं. शेगडी बहुधा सपाट काचेची असते, म्हणून गोल बुडाची कढई आणू नका. प्रेशर कुकर स्टीलचा, इंडक्शनवरही चालणारा आणा. वीज २३० व्होल्टचीच आहे, त्यामुळे मिक्सर आपला चालतो, फक्त पिन चौकोनी तीन दांड्यांची लागते. स्मार्ट मीटरच्या दरात संध्याकाळी पाच ते सात सगळ्यात महाग आणि रात्री अकरा ते सकाळी आठ स्वस्त, तेव्हा धुण्याचं यंत्र रात्रीवर टाकता येतं.

पैशाचं थोडक्यात. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, अधिक एक महिना आगाऊ. एकूण दोन महिन्यांच्या वर कोणी मागितलं तर निघून ये. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक सेंटही पाठवायचा नाही, मग किल्ली कुरिअरने येणार असली तरी. भाडेकरार आरटीबीकडे (भाडेकरारांचं सरकारी मंडळ) नोंदवणं मालकाचं काम. नोंद झाली का ते तू बघ. भाड्यावर वर्षाला माणशी हजार युरोपर्यंत करसवलत मिळते, नवरा-बायकोंना मिळून दोन हजारांपर्यंत. बरेच जण ती मागायलाच विसरतात.

नदीच्या खालच्या अंगाला, ग्रिफिथ पार्ककडे, एखादं तळघराचं घर स्वस्तात दिसेल. नोव्हेंबर २००२ मध्ये टोल्काला पूर येऊन खाली ड्रमकॉन्ड्राकडे घरांत पाणी शिरलं होतं. सरकारी पूरनकाशा ऑनलाइन आहे, त्यात घराचा एअरकोड (इथला पिनकोड, प्रत्येक घराला वेगळा) टाकून बघ आणि मगच पुढे जा. दुसरा त्रास क्रोक पार्क स्टेडियमचा. ८२ हजारांच्या वर प्रेक्षक बसतात तिथे. सामन्याच्या किंवा मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी आयोना रोडपर्यंत गाड्या लागतात आणि बस वळवतात, त्या दिवशी विमानतळावर जायचं असेल तर तासभर आधी निघ.

ये-जा लीप नावाच्या प्रवासकार्डावर. नव्वद मिनिटांत बस, लुआस (इथली ट्रॅम) आणि लोकल कितीही बदल, मोठ्या माणसाला दोन युरो. बसमध्ये चढताना एकदाच टेकवायचं. लुआस आणि रेल्वेला चढताना आणि उतरतानाही. बसचे नंबर मुद्दाम लिहीत नाही, नव्या जाळ्याच्या योजनेत ते बदलत चालले आहेत. रेल्वेला ड्रमकॉन्ड्रा जवळ, लुआसला ब्रूमब्रिज. क्रॉस गन्स पुलाजवळ मेट्रोचं स्टेशन होणार आहे आणि एजंट त्याच्या नावाने आताच भाव वाढवून सांगतात. स्टेशन बांधून होईपर्यंत त्याचं भाडं आपण का भरायचं?

बोटॅनिक गार्डन १७९५ सालचं, प्रवेश फुकट. कुत्रा आणि सायकल आत नेता येत नाही. रिचर्ड टर्नरने बांधलेलं वक्राकार काचघर बाहेरून नीट बघ: ओतीव आणि घडीव लोखंडाच्या इतक्या बारीक कमानी की एवढी काच त्यांनी कशी तोलली आहे असं वाटावं. पाम हाउसमध्ये गेलास की चष्म्यावर वाफ धरते. जानेवारीत कोकणातला दमटपणा फुकटात हवा असेल तर तिथे जायचं. १९४८-४९ च्या हिवाळ्यात तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन तिथल्याच पायऱ्यांवर येऊन बसत असे, तशी पाटी आहे. याच बागेत तिचा प्रमुख डेव्हिड मूर याला ऑगस्ट १८४५ मध्ये बटाट्यावरचा करपा दिसला, आणि पुढे दुष्काळाने या देशाची काय दशा केली ते तुला ठाऊक आहे.

बागेला लागून दफनभूमी, १८३२ पासूनची. आयरिश पुढारी डॅनियल ओ'कॉनेलने ती कुठल्याही धर्माच्या माणसासाठी खुली केली, म्हणून आज पंधरा लाखांच्या आसपास माणसं तिथे आहेत. जुन्या भिंतीवर बुरूज दिसतील, ते वैद्यकीय महाविद्यालयांना विकण्यासाठी प्रेतं चोरणाऱ्यांवर नजर ठेवायला होते. ओ'कॉनेलच्या समाधीवरचा मनोरा ५५ मीटर उंच. १९७१ च्या स्फोटानंतर बंद झालेला जिना २०१८ मध्ये पुन्हा खुला झाला. पण मला विचारशील तर आधी पार्नेलकडे जा. एक ओबडधोबड ग्रॅनाइटचा धोंडा आणि त्यावर फक्त आडनाव. होमरूल, म्हणजे स्वराज्य, हा शब्द आपल्याकडे आला तो हा माणूस पुढारी असलेल्या आयरिश चळवळीतून: एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापली, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. त्या उठावातली कितीतरी माणसं इथेच पुरली आहेत. आवारात दहनगृहही आहे, १९८२ पासून. अशी माहिती आधी असलेली बरी, म्हणून सांगून ठेवतो.

कॅनॉलच्या काठाने पश्चिमेला गेलास की ब्रूम ब्रिज लागतो. १६ ऑक्टोबर १८४३ ला गणितज्ञ हॅमिल्टनला तिथे क्वाटर्नियनचं (त्रिमितीतली वळणं मांडणाऱ्या संख्यांचं) सूत्र सुचलं आणि त्याने ते पुलाच्या दगडावर कोरलं. आता त्याची खूण नाही, पाटी आहे. तू थ्रीडी ग्राफिक्सवर काम करणारा, तुझी रोजीरोटी त्यावरच चालते. काळोख पडल्यावर मात्र त्या बाजूला जाऊ नको, आणि डिसेंबरात काळोख चारनंतर लगेच पडतो.

डॉक्टरचं आधी बघ. घराजवळचे जीपी (फॅमिली डॉक्टर) नवीन माणूस घेत नाहीत असं ऐकावं लागेल, तरी चार-पाच ठिकाणी नाव लावून ठेव. आठ वर्षांखालच्या मुलांना जीपी फुकट आहे, त्याचं कार्ड आल्या आल्या काढ. तातडीचं काही झालं तर मॅटर हॉस्पिटल जवळ. जीपीची चिठ्ठी न घेता गेलास तर शंभर युरो. ग्लासनेव्हिनमधलं बॉन सेकूर्स खासगी आहे. शाळेचा अर्ज वर्षभर आधी, कॅथलिक शाळाही आता बाप्तिस्मा बघून प्रवेश देत नाहीत.

कचरा खासगी कंपनी उचलते: काळा डबा उरलेल्या कचऱ्याचा, हिरवा पुनर्वापराचा आणि तपकिरी ओल्या कचऱ्याचा. हिरव्यात धुतलेलं आणि कोरडंच. पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्र्याचे कॅन दुकानातल्या यंत्रात परत द्यायचे, घेताना भरलेली अनामत मिळते: अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, त्यावर २५. चेपू नका, यंत्र घेत नाही. डाळ-तांदळासाठी मूर स्ट्रीट, बाकीचं फिंगलस रोडवरच्या टेस्कोत मिळतं.

आता तू एवढं कर: दोन्ही घरांचे एअरकोड, बीईआरचे क्रमांक आणि चिमणीच्या वरच्या कपाटाचा फोटो एजंटकडून मागवून मला पाठव. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर तेही कळव. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद