आम्हा डॉक्टरांना ताटाबद्दल बोलायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

जळगावची कार्यशाळा संपली तेव्हा तुमच्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून आभार मानायचे राहिले. ते आज मुद्दाम सगळ्यांसमोर मानते, म्हणजे खानदेशातल्या इतर डॉक्टरांच्याही कानावर जातील. नाव लिहू नका असं तुम्ही सांगितलंत, ते पाळते.

एमबीबीएसला आम्ही जीवनसत्त्वं पाठ केली, क्वाशिऑरकर आणि मॅरॅस्मस हे कुपोषणाचे आजार पाठ केले. नंदुरबारकडच्या अक्कलकुवा-धडगावच्या बाळांसाठी ते लागतंच. पण जळगाव, भुसावळ, अमळनेरच्या ओपीडीत पोट सुटलेला, साखर वाढलेला माणूस समोर बसला की त्याच्याशी जेवणाबद्दल बोलायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. 2019 पासून नव्या अभ्यासक्रमात संवादाचे धडे आले. आमची पिढी त्याआधीच बाहेर पडली होती.

तुम्ही एकही स्लाइड न लावता आम्हाला जोडीजोडीने बसवलंत, एक डॉक्टर आणि एक पेशंट. मला पारोळ्याकडच्या मावशी व्हायचं होतं आणि तक्रार एकच, "मना गुडघा दुखस." समोरचे सर चांगले अनुभवी फिजिशियन. ते थेट वजनावर आले. तुम्ही त्यांना थांबवून म्हणालात, "आधी गुडघा बघा, हात लावून बघा. मग विचारा, वजनाबद्दल थोडं बोललं तर चालेल का?" पेशंटची परवानगी घ्यायची म्हटल्यावर हॉलमध्ये कुजबुज झाली. मी मात्र त्या खुर्चीत बसले होते. सरांनी तो प्रश्न विचारला आणि मला आपोआप बोलावंसं वाटलं: रात्री किती वाजता जेवते, शेतातून आल्यावर काय खाते, घोरते म्हणून घरचे कसे चिडवतात. घोरणं ऐकल्याबरोबर तुम्ही सरांना झोपेत श्वास अडकतो का ते विचारायला लावलंत.

जाड माणूस म्हणजे खादाड, हे आधी डोक्यातून काढायला लावलंत त्याबद्दल विशेष आभार. थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा बिघाड), स्टिरॉइड, मानसिक आजारावरची आणि फिटची काही औषधं, इन्सुलिनसुद्धा वजन वाढवतं. आहाराचा कागद देण्याआधी पेशंटची औषधांची पिशवी उघडून बघायची. दंड जाड असेल तर बीपीचा मोठा पट्टा हवा, नाहीतर बीपी खोटं जास्त दिसतं. वजनकाटा आडोशाला ठेवायचा आणि कंपाउंडरने आकडा मोठ्याने सांगायचा नाही. आपल्या माणसांत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 पासूनच लक्ष द्यायचं, 25 ला लठ्ठपणा धरायचा. कंबर पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की सावध. माझ्या टेबलावर आता टेप असतो.

पण खरी शिकवण तेलाची. "तेल कमी खा" म्हणू नका, "घरात खाणारी तोंडं किती आणि महिन्याला तेल किती लागतं?" असं विचारा, हे तुमचं वाक्य मी रोज वापरते. चार माणसं आणि पाच लिटर, म्हणजे माणशी रोज साधारण 38 ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 किलोकॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलंय. बाहेरची शेव, वेफर्स, फरसाण तर या हिशेबात नाहीच. हा हिशेब मी पेशंटच्याच पाठकोऱ्या कागदावर मांडते आणि घरची बाई तिथल्या तिथे म्हणते, "मग साडेतीन लिटरच आणू." तिने स्वतः ठरवलेलं असतं, म्हणून ते टिकतं.

आणि भरीत! वांग्याच्या भरिताला हात लावायचा नाही, असं तुम्ही बजावलंत. वांगं, मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर, यात वाईट काय आहे? पुऱ्यांच्या जागी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी घ्या, फोडणीचं तेल चमच्याने मोजा, शेंगदाणे मूठभर नकोत. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमरस-पुरणपोळी सोडा असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट पुन्हा येत नाही, हे तुम्ही बाहेरगावच्या असूनही ओळखलंत. वर्षाचा सण आहे, तो खाऊ द्यावा. रोजच्या चार कप गोड चहाचं बोलावं.

माझ्या एक पेशंट, पन्नाशीच्या, 86 किलोवरून 81 वर आल्या. दिसायला फार नाही. पण वजन पाच टक्के उतरलं तरी साखर आणि बीपीला फायदा होतो, हे तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी त्यांना थांबू दिलं नाही. त्यांची उपाशीपोटीची साखर उतरली आणि मुख्य म्हणजे त्या दर महिन्याला येतात. मला वाटतं, येत राहणं हेच औषध आहे.

एक विनंती. पुढच्या वेळी आमच्या नर्स, कंपाउंडर आणि आशाताईंनाही बसवा. पेशंट जास्त त्यांच्याशी बोलतो. नंदुरबारचे डॉक्टर अमळनेरला रेल्वेने येऊ शकतात, धुळ्याचे रस्त्याने; हॉल, जेवण, सगळं आम्ही बघतो. तारीख तेवढी तुम्ही कळवा.

आपली कृतज्ञ,
अमळनेरची एक फॅमिली डॉक्टर