मर्फी आडनावाविषयी थोडं

संपादक महोदय,
२०२४ ला आयरिश नट किलियन मर्फीला ऑस्कर मिळालं तेव्हा त्याच्यावर भरपूर छापून आलं पण आडनावाबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून हे पत्र. मर्फी हे आयर्लंडमधलं सगळ्यात कॉमन आडनाव. मूळ आयरिश रूप ओ मुरखू, म्हणजे मुरखाद नावाच्या पूर्वजाचे वंशज, आणि मुरखाद म्हणजे समुद्रावरचा लढवय्या! मुरखाद हे नाव तेव्हा बऱ्याच जणांचं असायचं त्यामुळे वेक्सफर्ड, कॉर्क अशा भागांत एकमेकांशी काही नातं नसलेली मर्फी घराणी तयार झाली. १८९० च्या जन्मनोंदींवरून काढलेल्या अंदाजात मर्फी आडनावाचे लोक ६२,६०० आणि दुसऱ्या नंबरचे केली ५५,९००.

इंग्रजांच्या राज्यात बऱ्याच आडनावांच्या सुरुवातीचं 'ओ' (म्हणजे वंशज) गळालं, ओब्रायन, ओसुलिव्हन वगैरेंनी ते नंतर परत लावलं, मर्फी मात्र बहुतेक तसेच राहिले. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आयरिशमध्ये लिहिताना मुलगी 'नी वुरखू' होते आणि सून 'ई वुरखू', एकाच घरात तीन रूपं! इतकी सुंदर पद्धत टिकलीच पाहिजे.

आणि एक विनंती, कॉर्कच्या या गुणी नटाचं नाव बऱ्याच ठिकाणी 'सिलियन' छापतात, ते प्लीज 'किलियन' करा.

– एक वाचक, पुणे