पार्कातल्या खाण्याचा हिशेब

जळगाव,
५ एप्रिल २०२६

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात पोरांना खोपोलीला इमॅजिका पार्कात न्यायचं पक्कं केलंस, बरं केलंस. तू पाठवलेला खर्चाचा कागद बघितला. रेल्वे, लॉज, पार्कचं तिकीट सगळं रुपयापर्यंत मांडलंय आणि खाण्यापुढे मात्र ‘दोन-तीन हजार’ असं मोघम लिहिलंय. भो, सगळ्यात आधी हाताबाहेर जातो तो हाच आकडा.

जेवणाचा खर्च माणूस बरोबर धरतो. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, पाच माणसं, झाला गुणाकार. पैसे जातात ते दोन जेवणांच्या मधे. रांगेत उभं राहून तहान लागते, पाण्यातून बाहेर आल्यावर पोरांना भूक लागते, पाच वाजता सगळेच गळतात आणि समोर असतो तो पार्कचा स्टॉल. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून त्या वेळी भावाची तुलना करायला दुसरं काही नसतं. म्हणून कागदावर जेवणं मांडू नकोस, घड्याळ मांड. साडेआठ, बारा, पावणेतीन, पाच, साडेआठ: या पाच वेळांना कोणाच्या पोटात काय जाणार ते लिही आणि मग भाव लाव.

आता पोटं मोज. माणसं पाच असली तरी पोटं चारच. तू, वहिनी आणि ताई (तेरा वर्षांची पोर मोठ्या माणसाएवढं खाते, तिला अर्धं धरू नकोस) मिळून तीन. बंटी अर्धा, काकू अर्ध्या. पार्कातल्या ताटात भात आणि रोटी बहुधा भरपूर असते, त्यामुळे चार ताटं पाच जणांना पुरतात. मात्र बुफे असेल तर हे गणित चालत नाही. तिथे माणशी पैसे घेतात, एकाच्या ताटातलं दुसऱ्याला देऊ देत नाहीत आणि लहान मुलाचा दर बऱ्याच ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतो. बंटीची उंची मोजूनच नीघ.

तिकिटासोबत जेवणाचं कुपन घ्यावं का, असं तू विचारलंस. समज, बुफे मोठ्यांना ६०० आणि लहानाला ४०० आहे. चार मोठे आणि एक लहान, म्हणजे २८००. तेच चार ताटं ३५० च्या भावाने मागवली तर १४००. कुपन परवडायचं तर प्रत्येकाने दुप्पट जेवायला हवं, आणि दुप्पट जेवून पाळण्यात बसता येत नाही. तुमच्या घराला ते नको असं माझं मत. सुट्टीच्या गर्दीत कुपनवाल्यांची रांग वेगळी असेल तर तेवढा एक फायदा आहे. तरी घ्यायचंच ठरवलंस तर आधी फोन करून चार गोष्टी विचार: कुपन कुठल्या हॉटेलात चालतं, किती वाजेपर्यंत चालतं, त्यात पाणी येतं का आणि जीएसटी धरलेला आहे का. वेळ संपली की कुपन वाया जातं आणि पैसे परत मिळत नाहीत, नुकसान बहुतेकांचं तिथेच होतं.

पाण्याचा हिशेब वेगळा मांड. मे महिन्यातली खोपोली आपल्या जळगावासारखी कोरडी भाजत नाही. तिथे दमट असतं, अंगाला चिकट घाम येतो आणि तहान कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दिवसाला माणशी अडीच लिटर धरलं तर पाच जणांचं साडेबारा लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या पंचवीस बाटल्या. २० रुपयांना एक पडली तर ५००, ४० ला पडली तर १०००. एका जेवणाचे पैसे नुसत्या पाण्यात. रिकामी बाटली आत नेऊ देतात का आणि पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत, हे पार्कला आधीच विचारून ठेव. नेऊ देत असतील तर प्रत्येकाची एक लिटरची बाटली घे. शरबताचे तयार डबे घ्यायची गरज नाही. एक लिटर पाण्याची ओआरएसची दोन पाकिटं पर्समध्ये ठेव आणि दुपारी एक आणि चारला बाटलीत मिसळ. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ यापेक्षा जास्त घालायचं नाही.

बाटली घेताना एक लक्षात ठेव. हॉटेलात टेबलावर बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावता येतात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला. दुकानाच्या काउंटरवरून नुसती बाटली घेतली तर छापील किमतीच्या वर घेता येत नाही. म्हणून पाणी काउंटरवरून घ्यायचं, जेवायला बसल्यावर मागवायचं नाही. बिल आलं की खालच्या ओळी वाच. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. त्याखाली ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. शांतपणे काढायला सांग. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता घरून न्यायचं खाणं. पैसे खरे वाचतात ते इथेच, आणि यात आपल्याकडच्या बायकांचा हात कोणी धरू शकत नाही. जाताना दुपारचं गाडीतलं जेवण आणि दुसऱ्या दिवशी पार्कात शिरण्याआधीचा नाश्ता, एवढ्या दोन वेळा दशम्यांवर निघतात. एका वेळेला तीन मोठ्यांच्या चार-चार आणि काकू-बंटीच्या दोन-दोन, म्हणजे सोळा. दोन वेळांच्या बत्तीस. एक किलो गव्हाच्या पिठाला सहाशे-साडेसहाशे मिली दूध आणि दोन मोठे चमचे तेलाचं मोहन घातलं की तिसेक होतात. वहिनींना सव्वा किलो पीठ धरायला सांग, वाटेत कोणीतरी जास्त खातंच. ज्वारीच्या नकोत, डब्यात मोडून त्यांचा चुरा होतो.

पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजवलं की दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पण ती बिघडते भरताना. तव्यावरची गरम दशमी डब्यात गेली की वाफ झाकणाला लागते, तेच पाणी खाली टपकतं आणि सकाळपर्यंत मधल्या दशम्या चिकट होऊन वास मारतात. म्हणून सुती कापडावर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्यायच्या, हात लावला तर कोमटसुद्धा लागता कामा नये. मग कोरड्या कापडात गुंडाळायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नाही. बंटीसाठी थोड्या गुळाच्या केल्या तर गूळ गार दुधात विरघळवायचा, गरम दुधात टाकला की दूध फाटतं. आणि आच मंद ठेवायची, गुळाची दशमी बाहेरून लवकर करपते आणि आतून कच्ची राहते.

सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी: पाव किलो भाजलेले दाणे, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, मीठ. खलबत्त्यात कुटली तर उत्तम. मिक्सरमध्ये फिरवायची तर थांबून-थांबून फिरवावी, नाहीतर दाण्याला तेल सुटून गोळा होतो. ही आठवडाभर हलत नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा पहिल्या दिवसापुरताच न्यायचा आणि त्यात कोथिंबीर घालायची नाही. भरीत न्यायचा मोह काकूंना होईल, त्यांना नाही म्हण. वांगं आणि कांद्याची पात दोन्ही पाणी सोडतात, मे महिन्यातल्या डब्यात ते दुपारपर्यंतही धड राहत नाही. बटाट्याच्या ओल्या भाजीचंही तेच.

केळी घे, पण पिकलेली नको. साल अर्धं हिरवं असलेली एक फणी घे, दुसऱ्या दिवशी सकाळी ती बरोबर खायला येते. देठापासून सुटी करू नकोस आणि पिशवीत सगळ्यात वर ठेव. परतीसाठी दशम्या धरू नकोस, तिसऱ्या दिवशी त्या खाऊन कोणाचं पोट बिघडलं तर गाडीत हाल होतील. परतीला घरचा भत्ता (मुरमुऱ्यांचा कोरडा फराळ), चटणी आणि खोपोलीत सकाळी घेतलेल्या ताज्या पोळ्या. रेल्वेत पाण्याची एक लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे, जास्त मागितले तर देऊ नकोस. कर्जतला गाडी थांबली की पोरं वडापाव मागणारच, तेवढा खर्च आनंदाने कर.

पार्काच्या दिवशी सकाळी पोटभर नाश्ता हवा. दशमी, चटणी, दूध, केळं. खोपोलीत गरम पोहे मिळाले तर तेही. आत शिरल्यावर तासाभरात खर्च सुरू झाला तर समजायचं की नाश्ता कमी पडला. बाराच्या सुमाराला एकदा पाणी आणि काहीतरी हलकं. जेवण मात्र पावणेतीनला. एक ते अडीचच्या दरम्यान सगळं पार्क जेवायला बसलेलं असतं, तेव्हा पाळण्यांच्या रांगा लहान असतात आणि हॉटेलच्या मोठ्या. तुम्ही उलटं करा. जेवल्यावर तासभर उलटसुलट फिरवणाऱ्या पाळण्यात बसायचं नाही, बसून बघायचे खेळ तेव्हा उरकायचे. तळलेलं खाऊन आणि वर आइस्क्रीम घेऊन पाळण्यात बसलेलं पोर ओकतं, मग औषध, लिंबू-सरबत आणि नवा टी-शर्ट, सगळं पार्कच्या भावात.

काकूंना मात्र हे वेळापत्रक लावू नकोस. त्यांची मधुमेहाची गोळी ज्या वेळेची आहे त्याच वेळेला त्यांचं जेवण, साडेबारा तर साडेबारा. वहिनी त्यांच्यासोबत बसतील, तू पोरांना घेऊन फीर. आजारी माणसाचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देतात, पण आधी फोन करून विचार आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेव. शिवाय काकूंच्या पिशवीत साखर हवीच. रक्तातली साखर उतरून हात थरथरले, घाम फुटला तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. आणि कालनिर्णय बघून घे. त्या दिवशी वहिनींची चतुर्थी आली तर आत उपासाचं काही मिळेलच असं धरून चालू नकोस.

पोरांच्या हट्टाला एकच उपाय लागू पडतो. सकाळीच दोघांच्या हातात दोनशे-दोनशे रुपये दे आणि सांग, जेवण आणि पाणी बाबांकडे, बाकी सगळं यातून. आपल्याच पैशांचं आइस्क्रीम घ्यायचं म्हटलं की पोर भाव वाचायला लागतं. पार्कात कार्डात पैसे भरून खर्च करायची पद्धत असेल तर थोडेथोडे भर आणि निघण्याआधी उरलेले त्याच दिवशी परत मिळतात का ते विचार.

आता आकडे. भाव मी धरून चाललोय, तू मेनूवरचे घाल. आत: जेवण चार ताटं ३५० ने १४००, पाचची न्याहारी पाच जणांची १२० ने ६००, पाणी आणि पेयं ४००, पोरांचे ४००. झाले २८००. ५ टक्के कर धरला तर २९४०. यावर पंधरा टक्के अडीअडचणीचे, म्हणजे जवळजवळ ३४००. बाहेर: सकाळचे पोहे-दूध ३५०, पार्काच्या दिवशी रात्री खोपोलीतल्या साध्या खानावळीत चार थाळ्या २०० ने ८००, आदल्या रात्रीचं जेवण तेवढंच, गाडीतलं पाणी-चहा-वडापाव ५००. हे २४५०. एकूण ५८५० च्या आसपास. तुझ्या दोन-तीन हजारांच्या दुप्पट आहे, पण हा आकडा फुटणार नाही. कमी करायचाच असेल तर पाचची न्याहारी कमी करू नकोस. ती सुटली की पार्कातून निघताना सगळे भुकेने कासावीस असतात आणि गेटजवळच्या पहिल्या हॉटेलात शिरतात. तिथे एका जेवणात दोन जेवणांचे पैसे जातात. कमी करायचं तर पेयांतून कर.

मेनूचे भाव हातात आले की पाठव, मी एका संध्याकाळी बसून सगळं नव्याने मांडून देतो. काकूंना साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
रमेश

ता. क. पैशांसाठी गळ्यात अडकवायची पाणी न जाणारी पिशवी जळगावातूनच घे, पाण्यात उतरायचं असेल तर ती लागेलच. पार्कातल्या दुकानात ती महाग पडते.