आजींचं घड्याळ

प्रिय बंड्या,

अप्पा गेल्यावर तुला एकदा फोन केला, तोही तीन मिनिटं, आणि मग सात महिने काहीच नाही. चुकलंच माझं. तब्येत बरी आहे, साखर थोडी वर.

मंगळवारी इथे हडर्सफील्डला शेजारच्या आजींनी त्यांचं जमिनीवर उभं राहणारं घड्याळ बघायला बोलावलं. माझ्यापेक्षा हातभर उंच! ओकची पेटी, कडेला महोगनीच्या पट्ट्या, आठवड्याला एकदा चावी. त्या म्हणाल्या, पणजोबांपासून घरात आहे, नातीच्या लग्नात तिला द्यायचंय, सगळं मूळचंच आहे ना तेवढं सांग.

आधी कान लावला, अप्पा लावायला सांगायचे तसा. टिक आणि टॉकमध्ये अंतर सारखं नव्हतं. ते पेटी सरळ उभी केल्यावर सुधारलं. मग वरचं टोपण पुढे ओढून काढलं. तबकडी रंगवलेली, चारी कोपऱ्यांत फुलं. अशा तबकड्या बर्मिंगहॅमला १७७२ च्या सुमारास सुरू झाल्या, म्हणजे त्याआधीचं नाही. मशीनच्या पुढच्या पत्र्याला तबकडी बसवायचं एकही जादा भोक नाही, म्हणून मशीन आणि तबकडी जन्मापासून एकत्र. चाकांचं काम तर काय सांगू, दातांवर कानशीचा शेवटचा हात अजून दिसतो. चाकाचे दात एकेक करून अडवणाऱ्या अँकरच्या टोकांवर, म्हणजे पॅलेटवर, दात आपटून चर पडलेत, दोन ठिकाणी झिजलेल्या भोकांत बुश मारलेत, पण नीट मारलेत. आणि तेल फक्त जिथे हवं तिथेच! तू त्या सुट्टीत भिंतीवरच्या घड्याळाच्या सगळ्या दातांना तेल पाजलंस आणि नाव माझं सांगितलंस, ते मी अजून विसरलेलो नाही. धूळ धरून महिन्यात बंद पडलं होतं.

मग टॉर्च खाली मारला. मशीनची बैठक नव्या फळीची, तिच्याखाली दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकून उंची वाढवलेली. मागच्या फळीवर लंबकाचा गोळा घासल्याची जुनी कमान आहे, पण आताच्या गोळ्याच्या चार बोटं खाली. सेकंदाचा लंबक सगळीकडे साधारण ९९ सेंमीचाच असतो, म्हणजे त्या पेटीत आधी दुसरं मशीन खाली बसलेलं होतं. तबकडीची कडही टोपणाच्या चौकटीखाली दबलीय, फुलांच्या पाकळ्या कापल्यासारख्या दिसतात. पेटी एकाची, मशीन दुसऱ्याचं. इथले लोक याला 'मॅरेज' म्हणतात, आणि नातीला लग्नातच द्यायचंय म्हणे!

बंड्या, ते वाईट नाही रे. दोन्ही भाग चांगल्या हातांचे आहेत, पेटीचे पाय ओलीने गेलेत तेवढं सोडलं तर. किंमत कमी होते, पण आजींना विकायचं कुठे आहे? त्यांना पणजोबा हवेत. कदाचित जोडणी पणजोबांनीच केली असेल, पण तसं मी कसं म्हणू? खोटं बोलवत नाही आणि खरं सांगायला जीभ उचलत नाही. "दोन दिवसांत सांगतो" म्हणून निघालो, आज चौथा दिवस.

अप्पा अशा वेळी काय करायचे? दुकानात ते गृहस्थ वडिलांचं घड्याळ घेऊन आले होते, आत मशीन बदललेलं निघालं, तेव्हा आपण दोघं बाकावर होतो. अप्पांनी आधी त्यांना टोल ऐकवला, एवढं आठवतं. पुढे काय बोलले ते तुला नक्की आठवत असेल.

सोनूला बारावीसाठी शुभेच्छा, वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळव, आणि दुकान विकायच्या आधी मला विचार. रविवारी चारला आजींकडे चहाला जायचंय. त्याआधी फोन कर.

तुझा,
नंदू