रविवारी काटा विचारू नकोस

शिरोडा, ता. वेंगुर्ले
रविवार, रात्री साडेदहा

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तू विचारलंस, "आई, काटा काय म्हणतो?" आणि मी म्हणाले, "पाऊस फार आहे रे, रेंज जातेय." रेंज चांगली होती. सांगण्याजोगा आकडा नव्हता. वजन उतरवायचं ऑपरेशन केलं खरं, पण सहा आठवडे झाले, वजन 87 किलोच्या मागेपुढेच चाललंय. कधी 86.8, कधी 87.4. चौतीस वर्षं मराठी शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं आणि एकोणसाठाव्या वर्षी पोटच्या पोराशी रेंजचं निमित्त सांगितलं. दिवसभर ते टोचत राहिलं, म्हणून लिहायला बसलेय. फोनवर तू मधे बोलतोस, पत्रात बोलता येणार नाही.

मागच्या आठवड्यात तू तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलाचे दोन फोटो पाठवलेस, आधीचा आणि नंतरचा. आठ महिन्यांत पंचेचाळीस किलो. खाली अंगठा. तू उमेद द्यायला पाठवलेस हे मला कळतं. पण मी तो फोटो मोठा करून करून पाहिला आणि त्या दिवशी दुपारी जेवले नाही. तो मुलगा एकतीस वर्षांचा, साखर नाही, गुडघे धड, आणि त्याचं ऑपरेशन बायपासचं, म्हणजे पोट लहान करून आतड्याला वळसा देतात ते. माझं स्लीव्हचं, त्यात पोटाचा मोठा भाग कापूनच काढतात. माझी पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, साखर चौदा वर्षांची, त्यातली सहा वर्षं इन्सुलिन. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच तुझ्यासमोर सांगितलं होतं की वय जास्त आणि साखर जुनी असली की वजन सावकाश उतरतं. तू तेव्हा विम्याच्या फॉर्मवर सह्या करत होतास.

तुझ्यापासून लपवलेला एक हिशेब आज मांडते. डिसेंबरात 104 होते. पहिल्या पंधरा दिवसांत सहा किलो गेले तेव्हा मी तुझ्या बाबांना म्हणाले, असंच चाललं तर मे महिन्यात आंब्याच्या झाडावर चढेन. तिसऱ्या आठवड्यात काटा ठप्प. दहा दिवस एक ग्रॅम हलला नाही. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, हे बहुतेकांचं होतं. शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्या साठ्याच्या एकेका ग्रॅमाबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. सुरुवातीला तो साठा रिकामा होतो, पाणी जातं आणि काटा धावतो. पुढे चरबीची पाळी येते, आणि ती काही पाण्यासारखी वाहून जात नाही. मग दुसरं कारण. भरलेली हातगाडी ढकलायला जेवढं बळ लागतं तेवढं निम्मी रिकामी झाल्यावर लागत नाही. 87 किलोच्या देहाला 104 किलोच्या देहाएवढं इंधन लागत नाही, म्हणजे तेवढंच खाऊन उतरण्याचा वेग आपोआप कमी होतो. ते म्हणतात, वर्ष ते दीड वर्ष जाऊ दे, मग मोजू. माझे अजून आठ महिनेही पुरे झालेले नाहीत.

हे झालं शरीराचं. आता माझं.

मी खारी खात होते, मंदार. चहात बुडवून. सकाळी दोन, दुपारी दोन, कधी संध्याकाळीही. तुझ्या बाबांनाही ठाऊक नव्हतं, डबा मी तांदळाच्या पिंपामागे ठेवला होता. झालं काय, की बांगड्याचा अर्धा तुकडा खाल्ला की छातीपाशी दाटतं, पुढचा घास नको वाटतो. पोटाचा पाऊण हिस्सा काढून टाकलाय, उरलंय ते केळ्याएवढं, तर दाटणारच. पण खारी, शेव, बिस्किट तोंडातच विरघळतं आणि सुळकन खाली उतरतं. पोटाला कळतच नाही काही आलं म्हणून. भूकही नव्हती रे. भूक लावणारं घ्रेलिन पोटाच्या ज्या भागात जास्त तयार होतं तोच भाग काढलाय, त्यामुळे पहिल्यासारखी आग पेटत नाही. पण चार वाजता पाऊस, चहा आणि हातात काहीतरी ही चाळीस वर्षांची सवय कोणी कापून काढली नाही.

आणि पेज. तुझ्या मुंबईच्या आहारवाल्या बाईंच्या कागदावर ओट्स होते, टोफू होता. पेजेचं नाव कुठेच नव्हतं. मला वाटलं, पेज ती काय, आजारी माणसाला देतात, हलकी. अकरा वाजता वाडगाभर उकड्या तांदळाची पेज, वर लोणच्याची फोड. शेवटी त्यांनाच विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मॅडम, ही तर पातळ पिष्टमय वस्तू, खारीची बहीणच. वर मी जेवतानाही पाणी पीत होते. जेवण आणि पाणी यांच्यात अर्धा तास ठेवा असं कागदावर लिहिलेलं, ते मी वाचून विसरले. जेवताना पाणी प्यायलं की आधी पोट दाटतं आणि धड खाता येत नाही.

म्हणजे तुझा पैसा गेला असं नाही, पण थोडी गळती माझ्या हाताने झाली. तीन आठवडे झाले, खारीचा डबा बंद केलाय. त्यात आता मेथीदाणे आहेत.

दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, हे मी वहीत लिहून ठेवलंय. दोन अंडी म्हणजे बारा. एका मध्यम बांगड्याचं मांस, अठरा-एकोणीस. ग्लासभर दूध, सहा-सात. जून-जुलैला मासेमारी बंद तेव्हा पंचाईत झाली, बाजारात मासळी नाही आणि जी असते तिला हात लावायची सोय नाही. तेव्हा कुळथाच्या पिठीवर काढले दिवस. पिठी घट्ट करते, पेजेसारखी पातळ नाही, आणि भाताशिवाय चमच्याने खाते. तुझ्या बाबांनाही तीच, त्यांचं तोंड वाकडं. तू पाठवलेली ती पावडर मी घेते, पण तिची चव फळा पुसलेल्या पाण्यासारखी आहे, हे तुला एकदा सांगायचंच होतं.

केसांचं स्नेहाला फोनवर सांगितलं होतं, तुला नाही. चौथ्या महिन्यात फणीत गुंतवळ यायला लागली. अंबाडा सुपारीएवढा झाला आणि अबोलीचा वळेसर त्याच्यावर टिकेना, घसरून मानेवर यायचा. डॉक्टर म्हणाले, मोठ्या ऑपरेशननंतर होतं, परत येतात, प्रथिनं आणि लोह पाळा. मी लोहाची गोळी चहाबरोबर घेत होते! तीही चूक. आता चहापासून लांब, आणि कॅल्शियमपासून दोन तास वेगळी. कपाळावर बारीक बारीक कोंब आलेत, न्हाणीघरातल्या आरशात उजेडाला दिसतात.

आता ऐक, कारण हे तू एकदाही विचारलं नाहीस. इन्सुलिन बंद आहे. पूर्ण. आधी सकाळ-संध्याकाळ मिळून 46 युनिट टोचायचे, आता एक गोळी. तीन महिन्यांची साखर 9.2 होती ती 6.4 आली. फ्रिजच्या दारातला तो इंजेक्शनचा कप्पा रिकामा आहे, तिथे लिंबं ठेवते. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची एक झाली. रात्री घोरत नाही असं तुझे बाबा म्हणतात, आणि ते कौतुक करणाऱ्यातले नाहीत.

आणि नागपंचमी. पातोळ्या करायच्या होत्या. हळदीची पानं परसातून आणली, नारळ फोडला. खोवणी ओट्याला लावली होती, पण मला काय वाटलं कोण जाणे, खाली बसून खोवायचा आडाळा काढला. तो तुझ्या आजीचा, पाट बसून बसून गुळगुळीत झालेला. सात वर्षं मी त्याच्यावर बसले नव्हते, खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागायची. एक हात भिंतीला लावला, डावा पाय आधी दुमडला आणि बसले. गुडघा कटकन वाजला, पण बसले. अख्खा नारळ खोवला. मग उठायची वेळ आली तेव्हा बाबांना हाक मारणार होते, पण ते टीव्हीसमोर होते, म्हणून पाटाला रेटा देऊन एकटीच उठले. त्या दिवशीही काटा 87.2 होता. पातोळी अर्धी खाल्ली, वीस मिनिटं लावून.

शेजारची काकी परवा गजाली करायला आली आणि दारातूनच म्हणाली, "काय गो, एवढा मोठा ऑपरेशन केलंस, पन तुझ्यात फरक काय दिसणा नाय!" मी तिला माझ्या ब्लाऊजच्या बाह्यांना घातलेल्या टिपा दाखवल्या. तिचं समाधान झालं नाही. गणेश चवथीला अख्खं घर भरेल आणि प्रत्येक जण हेच म्हणेल, तेव्हा तू माझ्या वतीने उत्तरं देऊ नकोस. विशेषतः "होईल हळूहळू" असं केविलवाण्या आवाजात तर मुळीच नाही.

तू आणून दिलेला काटा मी माळ्यावर टाकलाय. दिवसातून तीनदा चढायचे त्याच्यावर, एकदा तर मुतारीला जाऊन येऊन परत. महिन्यातून एकदा बी-12 चं इंजेक्शन घ्यायला जाते, तिथल्या काट्यावर उभी राहते, वहीत लिहिते आणि डॉक्टरांना कळवते. तेवढं पुरे असं त्यांचंच म्हणणं आहे. रविवारी फोन करशील तेव्हा काटा विचारू नकोस. किती चाललीस विचार. उन्हाळ्यात मिठागराच्या बांधापर्यंत जात होते. आता पाऊस आहे तर पडवीत फेऱ्या, चाळीस झाल्या की एक जप पुरा झाला असं धरते. नाहीतर आज कुठला मासा होता ते विचार. नाहीतर तुझंच काहीतरी सांग. कर्जाचे हप्ते कसे चाललेत तेही मला सांगत नाहीस.

चवथीला गणपतीवर टांगायची माटवी काढायला माळ्यावर चढशील तेव्हा तो काटा फळ्यांशेजारी दिसेल. तिथेच असू दे. येताना कॅल्शियम सायट्रेटच्या दोन बाटल्या आण. सायट्रेटच बघून घे, इथे दुकानदार दुसरंच देतो. कुडाळला उतरलास तर रिक्षावाल्याशी आधीच दर ठरव. मोदक मी एकच खाणार, तोही सावकाश, तेव्हा सगळे जेवून उठले तरी माझ्या पानाकडे बघत बसू नका. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यातले वाटाणे माझे, वडे तुझे.

स्नेहाला आशीर्वाद.

तुझी,
आई