मंत्रिपद सोडून क्युबेककडे

मा. संपादक,
स. न.

पक्षांतराची चर्चा बहुधा सत्तेच्या गणितापाशीच थांबते, म्हणून कॅनडातील ल्युसिएँ बुशार यांची कारकीर्द मुद्दाम आठवावीशी वाटते. कायद्याच्या शिक्षणापासूनचे त्यांचे मित्र, पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी त्यांना १९८५ मध्ये फ्रान्समध्ये राजदूत नेमले आणि पुढे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारात मंत्री केले. मात्र क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांताला ‘वेगळा समाज’ म्हणून मान्यता देणारा ‘मीच लेक’ हा घटनादुरुस्तीचा करार पातळ केला जात आहे, असे वाटताच मे १९९० मध्ये त्यांनी मंत्रिपदावर आणि त्या जुन्या मैत्रीवरही पाणी सोडले. १९९३ मध्ये त्यांचा क्युबेकवादी ‘ब्लॉक केबेक्वा’ पक्ष ५४ जागा जिंकून प्रमुख विरोधी पक्ष झाला, तर त्यांचा जुना पक्ष अवघ्या दोन जागांवर आला.

डिसेंबर १९९४ मध्ये मांस कुजवणाऱ्या जंतुसंसर्गामुळे त्यांचा डावा पाय कापावा लागला. त्या अवस्थेत त्यांनी कागदावर ‘पुढे चालू ठेवा, धन्यवाद’ असे लिहिले. डॉक्टरांसाठी लिहिलेले हे शब्द समर्थकांना आपल्यासाठीच आहेत असे वाटले, यात मला नवल वाटत नाही. काठीच्या आधाराने उभे राहून त्यांनी क्युबेकने कॅनडापासून वेगळे व्हावे का, यावरील ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात विभक्ततेच्या बाजूने प्रचार केला. विभक्त होण्याच्या बाजूने ४९.४२ टक्के मते पडली.

त्यांचा फुटीरवाद मला पटत नाही. परंतु इतक्या निसटत्या पराभवानंतर त्यांनी निकाल स्वीकारला, १९९६ मध्ये प्रांताचे पंतप्रधानपद हाती घेऊन अर्थसंकल्पातील तूट भरून काढली आणि २००१ मध्ये स्वतःहून पद सोडले, याची नोंद व्हायलाच हवी.

आपला,
एक नियमित वाचक