मेन्यूकार्डावरचे ‘जळगावचे भरीत’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे माहेर जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले. वडील ८२ वर्षांचे आहेत आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी डिसेंबरपासून माझ्याकडे कोथरूडला राहिले आहेत. थंडी पडली की आमच्या खानदेशात शेताशेतांवर भरताच्या पंगती बसतात. यंदा त्या चुकल्याची हळहळ त्यांच्या बोलण्यात रोज येत होती, म्हणून गेल्या रविवारी आम्ही घरची सहा माणसे कर्वे रस्त्यालगतच्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेलो. दारावर ‘अस्सल महाराष्ट्रीय चव’ अशी पाटी होती आणि मेन्यूकार्डात ‘जळगावच्या वांग्यांचे, काड्यांवर भाजलेले भरीत’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. किंमत ३२० रुपये. ती वाचून वडिलांनी भुवया उंचावल्या, पण काड्यांचा उल्लेख ऐकून ते खूश झाले.

टेबलावर आले ते मात्र टोमॅटोच्या लाल ग्रेव्हीत कालवलेले जांभळ्या वांग्याचे कालवण होते. भरताचे वांगे म्हणजे आमच्या तालुक्यातल्या बामणोदकडचे मोठे, फिकट हिरवे, कमी बियांचे वांगे. ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायचे, साल काढून ठेचायचे आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि कोथिंबीर घालायची. या भरतात टोमॅटो नसतो, हळदही जेमतेम असते, आणि धुराचा वास हाच त्याचा मसाला. आमच्या ताटलीत धुराचा मागमूस नव्हता, बिया मात्र दाताखाली सतत येत होत्या. सोबतची ‘कळण्याची भाकरी’ ज्वारी आणि उडदाच्या पिठाची असायला हवी. ती पांढरीशुभ्र, नुसत्या ज्वारीची होती. ‘शेवभाजी’ची शेव स्वयंपाकघरातच रश्श्यात पडून तिचा लगदा झाला होता, आणि तो रस्सा चाखल्यावर माझ्या मुलाने विचारले, “आई, ही पनीरची भाजी आहे का?” मुलगा चुकला नव्हता. पलीकडच्या टेबलावरच्या पनीरच्या भाजीचा रंग आणि वास अगदी तसाच होता.

मॅनेजर सौजन्याने वागले, हे नमूद केले पाहिजे. कांदा, टोमॅटो आणि मगजबी यांची एक ग्रेव्ही सकाळीच करून ठेवलेली असते, तिच्यावर निम्म्याहून अधिक पदार्थ निघतात आणि त्यामुळे दहा मिनिटांत टेबलावर भाजी जाते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. “इथल्या गिऱ्हाइकाला तिखट चालत नाही, मॅडम,” हेही वर ऐकवले. रविवारी दुपारी दाराबाहेर रांग असताना प्रत्येक पदार्थ वेगळ्या फोडणीने करणे परवडत नसेल, हे मी समजू शकते. भाडे, गॅस, माणसांचे पगार यांचा हिशेब हॉटेलवाल्याला आमच्यापेक्षा नक्कीच चांगला कळतो. पण मग कार्डावर ‘वांगे मसाला’ एवढेच लिहावे. आम्ही तो कदाचित मागवलाही असता, आणि मला हे पत्र लिहावे लागले नसते.

‘जळगाव भरीत वांगी’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि १९९९च्या भौगोलिक चिन्हांच्या कायद्यानुसार तिथून न आलेल्या मालाला असे नाव लावून ग्राहकाची दिशाभूल करता येत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानली आहे. मेन्यूकार्ड ही हॉटेलची सर्वांत जवळची जाहिरात असते, कारण तिच्यावरचा एक शब्द वाचून आपण तिथल्या तिथे पैसे मोजायला तयार होतो. तपासणीला येणारे अधिकारी स्वयंपाकघराची स्वच्छता आणि परवाना पाहतात, ते योग्यच आहे. कार्डावरच्या गावांच्या नावांकडेही त्यांनी एकदा नजर टाकावी. कोल्हापूर, मालवण, नागपूरचे सावजी, खानदेश ही सगळी नावे एकाच लाल पातेल्यातून निघत असतील, तर त्या त्या भागातले लोकही पुण्यातच राहतात आणि त्यांना ते पहिल्या घासाला कळते.

बिलाबद्दल थोडक्यात. त्यात दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी असा आकार बिलात परस्पर घालण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. मी तसे सांगितल्यावर रक्कम लगेच वजा झाली. न सांगणाऱ्यांची होत नसावी.

वडील दहीभात खाऊन उठले. परतताना रिक्षात ते एवढेच म्हणाले, “अगं, निदान जळगावचं नाव तरी नको होतं लावायला.” भरीत आम्ही पुढच्या आठवड्यात घरी करणार आहोत, भाऊ वांगी घेऊन येतो आहे. काड्या मात्र सोसायटीच्या गच्चीवर पेटवता येतील की नाही, हे सचिवांना विचारावे लागेल. त्या हॉटेलने कार्डावरचे ‘जळगावच्या’ आणि ‘काड्यांवर भाजलेले’ एवढे शब्द खोडले, तर माझी तक्रार मिटेल.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे